टाकीतले भस्म

कोल्हारच्या पुलाजवळ त्या दिवशी एवढी गर्दी लोटली होती, की बाजाराला निघालेल्या बैलगाड्यांना वाट उरली नाही. राहीबाईंची उतारू नेणारी सर्व्हिस मोटार राहुरीहून परत आली होती. त्यांचा भाचा आणि मोटारीचा ड्रायव्हर भिमाजी याने टाकीत बांबूची काठी बुडवून वर काढली आणि ओली खूण लोकांना दाखवली.

"रोज इथवर उतरतं," तो कोळशाच्या जुन्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "आन आज बघा. निम्मंबी उतरलं न्हाई."

गर्दीने वायुनाथ महाराजांचा जयजयकार केला.

युद्धाची वर्षे होती. पेट्रोल कुपनावर मिळे, तेही प्रसादासारखे चिमूटभर. कुणी कोळशाच्या गॅसवर चालवायला मोटारीच्या पाठीला भट्टी जोडली होती, कुणी मोटार गोठ्यात लावून तिच्यात कडबा भरला होता. अशा दिवसांत हे महाराज अवतरले आणि टाकीत भस्म टाकून मोटारी वाऱ्यावर चालवू लागले.

"मोटार म्हंजे पंचमहाभूतांचा देह," महाराज सांगत होते. "पेट्रोल हे आपतत्त्व, ठिणगी हे तेज, धूर हा वायू, भोंगा हे आकाश."

"आन चिखलात रुतली म्हंजे पृथ्वी," राहीबाई म्हणाल्या. पुढचे चार जण हसले आणि महाराजांकडे पाहून गप्प झाले.

नवऱ्यामागे राहीबाईंनी ही मोटार वीस वर्षे राखली होती. ऐकीव गोष्टीवर विश्वास टाकणे त्यांच्या रक्तात नव्हते.

महाराजांनी भस्माची आणखी एक पुडी त्यांच्या हातावर ठेवली. "मातोश्री, दान तेलाचं, तशी दक्षिणाबी तेलाची. घरात एक डबा झाकून ठेवलाय, तो गुरूच्या पायाशी येऊ द्या. न्हाईतर भस्म उलटतं. मोटार ऐन वेळेला वाटेत अडंल."

डब्याची गोष्ट यांना कुणी सांगितली, हे विचारावे लागले नाही. भिमाजी जमिनीकडे पाहत होता.

तो पेट्रोलचा डबा राहीबाईंनी कुणासाठी राखला आहे, हे गावाला ठाऊक होते. मिशन शाळेच्या मार्थाबाईंची सून दया हिचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला मूल हाती लागले नव्हते. कळा सुरू होताच हिला नगरला आणा, असे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. डबा गेला तर दयेला बैलगाडीशिवाय वाट नव्हती. आणि डबा न देता मोटार वाटेत अडली, तर दोष कुणाच्या माथी येणार हेही उघड होते.

"डबा उद्या," राहीबाई म्हणाल्या. "आधी आनखी एक फेरी."

संध्याकाळी त्या मार्थाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

"बाई, माझ्या मनात एक किडा वळवळतोय. सकाळी मोटार ढकलायला चार गडी लागले. मग महाराजांचा चेला गोरक्ष भगवा पडदा लावून तासभर मोटारीखाली शिरला. शुद्धी म्हने. त्यानंतर मी नुसता हात टेकला, तर मोटार चालाया लागली. आन भस्म तर त्याच्याबी नंतर टाकलं."

मार्थाबाई म्हणाल्या, "म्हणजे चमत्कार राखेच्या आधीच झाला. राहीबाई, मी मुलींकडून दोन कुंड्यांत घेवडा लावून घेते. माती एक, पाणी एक. फक्त एक कुंडी अंधारात ठेवते. एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. उद्या फक्त राख काढा. बाकी महाराजांचे सगळे नियम पाळा."

सकाळी राहीबाईंनी टाकी रिकामी करवली आणि पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळून घेतले. फडक्यावर राख जशीच्या तशी उरली.

भिमाजीचा चेहरा उतरला. "आत्याबाई, वाटेत अडली म्हंजे?"

"अडली तर मी ढकलीन. तू हाक."

टाकी कालच्याइतकी भरली, काठी बुडवून खूण करून घेतली आणि त्या स्वतः पुढच्या बाकावर बसल्या. महाराजांच्या आज्ञा त्यांना पाठ होत्या. इंजिन तापताच, जादा पेट्रोल ओढणारा चोकचा दांडा आत ढकलायचा. टपावर गुळाच्या ढेपा चढवायच्या नाहीत. वेग सावकाश ठेवायचा, वळण दिसताच आधीपासून कमी करायचा. आणि थांब्यावर मोटारीला 'निद्रा' द्यायची, म्हणजे इंजिन बंद करायचे. हे शेवटचे भिमाजीला जड जाई. इंजिन पुन्हा सुरू करायला हँडल मारताना एकदा उलटा झटका बसून त्याचे मनगट सुजले होते. तेव्हापासून चहा संपेपर्यंत इंजिन धडधडत ठेवायची त्याला सवय लागली होती. रस्त्यावरचे सगळेच ड्रायव्हर तसे करीत.

मोटार परतली, काठी बुडाली. खूण कालच्याच ठिकाणी होती.

"बघा, कृपा टिकून हाय," गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

राहीबाईंनी न उघडलेली पुडी आणि राखेचे फडके वर धरले. "कृपा हितं हाय. टाकीत काल संपली."

महाराज टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "भस्म टाकीच्या पत्र्यात मुरतं, मातोश्री. त्याची शक्ती..."

"मग मुरलेल्यावर नवं टाकू," मार्थाबाई शांतपणे म्हणाल्या. "पुडी तुमच्याच हाताने टाका. फक्त शुद्धी मोडू. तिच्यात काय बदललं ते राहीबाईंनी मोटारीखाली वाकून पाहिलंय. चाकांची हवा कमी, ब्रेक पहिल्यासारखा आवळलेला, टपावर गूळ आणि थांब्यावर इंजिन चालू."

"विटाळ होईल. भस्माला ते सोसनार न्हाई."

तेव्हा कारभारी नावाचा दुसरा मोटारवाला पुढे आला. त्याने आपला डबा आदल्या आठवड्यातच दिला होता. "महाराज, कालपत्तुर भस्माला समदं सोसत हुतं. टाका की."

पुडी टाकली गेली. मोटार धापा टाकीत गेली, धापा टाकीत आली. काठी पार जुन्या रेघेपर्यंत कोरडी निघाली.

राहीबाई गोरक्षाकडे वळल्या. "आता शुद्धी कर. पर पडदा न्हाई."

गोरक्षाने महाराजांकडे पाहिले. ते दुसरीकडे पाहत होते. पाना हातात घेऊन तो खाली बसला. पूर्वी नगरच्या लष्करी छावणीत तो मोटारी दुरुस्त करी. चाकाला घासणारा ब्रेक त्याने सैल केला, प्लगची काजळी खरवडली, चाकांत हवा भरली. एवढाच मंत्र होता. महाराजांच्या राहुटीतून लोकांनी डबे बाहेर काढले, तेव्हा गुरूला कुणी हात लावला नाही. राहीबाईंनी तशी ताकीदच दिली होती. हे पेट्रोल काळ्या बाजारात कोण कुणाला विकणार होता, त्याचा जाब फौजदाराने घ्यावा, असे त्या म्हणाल्या.

कारभारी आपला डबा उचलताना पुटपुटला, "राखंनं आमाला चांगलं फसवलं."

"राखंनं न्हाई," राहीबाई म्हणाल्या. "आपली मोटार आपुन नीट ठेवत न्हाई, हे कबूल कराया जड जातं. राखंला मान दिला की ते टळतं. म्हनून तुमी डबा दिलात."

दोन दिवसांनी दुपारी दयेला कळा सुरू झाल्या. भिमाजीने डबा टाकीत ओतला. पुलाशी म्हशींचा कळप आडवा होता. कुणी न सांगता त्याने इंजिन बंद केले, म्हशी जाऊ दिल्या, खाली उतरून हँडल मारले आणि मोटार नगरच्या वाटेला लावली. मूल त्याच रात्री नगरच्या दवाखान्यात रडले.

ते दयेच्या आणि डॉक्टरीणबाईंच्या कष्टाने वाचले, हेही गावाने ध्यानात ठेवावे. चमत्कार सांगणारा भेटला, तर त्याच्या पाया पडण्यापूर्वी एवढेच विचारावे: पडदा कशाला हवा? आणि उत्तर मिळेपर्यंत आपला डबा आपल्या घरात ठेवावा.