किम बाइकेंची संध्याकाळ

औषधांच्या दुकानांच्या मागण्या ज्या यंत्रणेवर चालतात, ती कधी बंद पडेल याचा नेम नसतो. म्हणून बिश्केक, ताश्कंद आणि व्हँकुव्हर इथली माणसं आळीपाळीने अडचणीचा फोन सांभाळत. पाळ्या लावायचं काम बिश्केकच्या मेरिमकडे होतं. तीन शहरांची घड्याळं जुळवताना तिच्या नाकी नऊ येत. रमजानात एक रकाना मात्र ती डोळे मिटून भरायची. सूर्यास्ताची वेळ : किम.

अफानासी किम म्हणजे ऑफिसातला सगळ्यांत जुना माणूस, घराणं कोरियन. सगळे त्यांना बाइके, म्हणजे थोरले भाऊ, म्हणत. ते रोजा धरत नाहीत, मग त्यांना सूर्यास्ताची काय घाई, असं सगळेच धरून चालले होते. विचारलं कुणीच नव्हतं.

यंदाही तसंच झालं असतं. पण मेरिमने सगळ्यांना शुक्रवारी घरी ‘ओझ आचार’ला बोलावलं. रोजा सोडायच्या जेवणाचं हे नाव. शब्दशः, तोंड उघडणं. कोण काय आणणार यावर गलका सुरू झाला. किम कप विसळत राहिले.

“बाइके, तुम्ही याल ना?”

“मला ड्यूटी आहे.”

“त्यांना कुठे रोजा आहे,” कुणीतरी हसत म्हणालं.

किमनी कप पालथा घातला. “रोजा नाही, पण जेवतो मी,” ते म्हणाले. “बायको होती तोवर घरी कुणी वाट तरी बघायचं. असो, चालायचंच.”

मेरिम मान खाली घालून जागेवर आली आणि तिने किमचं नाव खोडलं. पण लिहायचं कुणाचं? व्हँकुव्हर तेव्हा साखरझोपेत. तिने ताश्कंदच्या जफरला फोन लावला.

“ताई, आमचा रमजान काय चंद्रावर असतो?” तो म्हणाला. “उलट तुमचंच बरं. तुम्ही हात धुऊन पानावर बसता, तेव्हा आम्ही खिडकीतून सूर्याची मनधरणी करत असतो.”

मेरिम थबकली. इतकी वर्षं ती घड्याळं जुळवत होती; सूर्य दोन्हीकडे एकदम मावळत नाही हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“मग तेवढा वेळ फोन तुझ्याकडे. आमच्या पोटात सूप गेलं की आमच्याकडे.”

“आणि जेवून सुस्तावलात तर?”

“तर पुढच्या रमजानातल्या सगळ्या संध्याकाळी माझ्या.”

जफर हसला, आणि कबूल झाला.

शुक्रवारी मेरिमच्या आईने किमना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. दुआ झाली, खजूर फिरले, सूप वाढलं गेलं. बाकीचे दोन घोट घेऊन बोलायला लागले, तरी किम वाडग्याकडे बघतच होते.

एवढ्यात जफरचा निरोप आला : आमचाही मावळला, घ्या. आणि लागलीच फोन वाजला. किमचा हात सवयीने खिशाकडे गेला, ते अर्धे उठलेही. आईने खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं.

“बस रे बाबा. एवढी वर्षं तोंड का नाही उघडलंस?”

मेरिम लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली. किमनी एक ताटली उचलली, मेरिमच्या अर्ध्या राहिलेल्या वाडग्यावर झाकली, आणि मग आपला चमचा हातात घेतला.