वेळेचा रकाना

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते आणि पडद्यावर साडेदहा. विजयकुमारने चाचणीसाठी नेटवर्कवरून माहितीचं आणखी एक पॅकेट पाठवलं. त्याच्या प्रोग्रामने ते पकडलं आणि त्याच्यापुढे वेळ उमटली, दहा एकतीस. जवळा बाजारच्या एका शाळेत हा प्रोग्राम बसवायला तो आला होता. पुढचं काम तसंच टाकून तो खुर्चीत बसून राहिला.

प्रोग्राम त्याचा फार लाडका. कोणत्या मशीनने नेटवर्कवरून कोणाला काय पाठवलं, ते पकडून वेळेसकट लिहून ठेवणारा. घरी लिनक्सवर लिहिलेला आणि गेल्या वर्षी, दोन हजार सहात, हिंगोलीच्या एका शिक्षण संस्थेसाठी विंडोजवर आणलेला. आणताना जीव मेटाकुटीला आला होता. आधी प्रोग्रामला नेटवर्क कार्डच दिसेना. दिसलं, तर आकडे उलटे येऊ लागले. तीन आठवडे पठ्ठ्याने दाढी केली नाही. पॅकेटं सरळ आली त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. वेळेच्या रकान्याकडे मात्र त्याने एकदाही नीट पाहिलं नाही. घरी तो बरोबर चालत होता, इथे काय बिघडणार? बिघडलं एवढंच होतं, की विंडोजवर तो रकाना आपली वेळ सोडून इंग्लंडची दाखवत होता, साडेपाच तास मागे.

संस्थेच्या कॉलेजात बारावीचे प्रात्यक्षिकाचे गुण कोणीतरी गुपचूप वाढवतं, अशी कुजबुज होती. म्हणून तर प्रोग्राम बसवला. आठवडाभरात सापडलं. गुण बदलले गेले ते शेषरावांच्या मशीनवरून, सकाळी अकरा चाळीसला. शेषराव सव्वीस वर्षं नोकरी झालेले जुने कारकून. चौकशीत ते एकच गोष्ट सांगत राहिले.

"त्या दिवशी धा ते दोन लाइट नव्हती, सायेब. जनरेटर बी बंद होतं. मशीन चालू झालंच कसं?"

भारनियमनाच्या वेळा रोज बदलायच्या, म्हाताऱ्याला काय आठवणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं. संस्थेच्या अध्यक्षांनी विजयकुमारकडे पाहिलं. माणूस खोटं बोलेल, मशीन बोलत नाही, असं तो म्हणाला. म्हणताना त्याची छाती फुगली होती, हेही खरं. शेषरावांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

आता जवळा बाजारच्या त्या खुर्चीत बसून विजयकुमारने अकरा चाळीसमध्ये साडेपाच तास मिळवले. संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. त्या वेळी शेषराव आपल्या गावच्या, गोरेगावच्या वाटेवर असत. साडेचारची जीप त्यांनी कधी चुकवली नव्हती. पाचनंतर ऑफिसात एकटा थांबायचा तो हरिचंद, अध्यक्षांचा पुतण्या. विजयकुमारला स्वतःची एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने अध्यक्षांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. गुण वाढलेली मुलं इंजिनिअरिंगला गेली, फाइल बंद झाली, हरिचंद शेषरावांच्या जागी कायम झाला, आता मढं कशाला उकरायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि चूक तर तुझ्याच प्रोग्रामची होती, हेही त्यांनी हसून ऐकवलं. विजयकुमारने घरी येऊन चूक आपली असल्याचं पत्र हाताने लिहिलं, सही केली आणि गोरेगावची जीप पकडली.

शेषराव अंगणात शेळ्यांपुढे पाला टाकत होते. वर्षभरात निम्मे झाले होते. त्यांच्या बायकोने, नर्मदाबाईंनी, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्या दारात बसल्या. विजयकुमारने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेषराव पाला टाकायचे थांबले.

"लाइट नव्हती हे मी तुमाला सांगितलं होतं. आठवतं का?"

"आठवतं, काका."

"मंग काहून इचारलं न्हाई कोणाला? वीज ऑफिसात एक फोन केला असता, तर बराबर कळलं असतं."

फोन तेव्हा विजयकुमारच्या हाताशीच होता.

"गावचे अर्ज हेच लिवून द्यायचे," नर्मदाबाई म्हणाल्या. "आता कागद घेऊन कोणी येत न्हाई. समोरचं घर बी सेनगावला जाऊन लिवून आणतं."

शेषरावांनी चष्मा पुसला आणि पत्र हातात घेतलं. ऑफिसात मसुदा तपासायचे तसं, ओळीखाली बोट धरून वाचलं. मध्येच बोट थांबलं. सदऱ्याच्या खिशात पेन अजून होतं.

"चौकशी तेरा तारखेला झाली. तुमी बारा लिवलं."

त्यांनी बारावर एकच आडवी रेघ मारली, वर सुबक अक्षरात तेरा लिहिलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"बाजूला छोटी सही करा. खाडाखोड केली की सही लागते."

विजयकुमारने सही केली. शेषरावांनी ती शाई वाळेपर्यंत पाहिली, मग कागदाच्या तीन सारख्या घड्या घातल्या.

"आता हे दाखल कुठं करायचं?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. सव्वीस वर्षं आलेला प्रत्येक कागद त्यांनी कुठे ना कुठे दाखल केला होता. पण ती फाइल तर अध्यक्षांनी बंद केली होती. शेषरावांनी पत्र विजयकुमारच्या हातात परत दिलं, पेन खिशाला लावलं आणि शेवटची जीप पाचला आहे, चुकवू नका, असं सांगून उरलेला पाला उचलला.