मदरबोर्डवरचं कुंकू

त्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच सटकलं होतं. माहेरी, नोएडाच्या फ्लॅटवर पोचले, तर माझा धाकटा भाऊ सुधन्वा कबाड्याला घेऊन दारात उभा. बाबांचा जुना कॉम्प्युटर बंद पडून वर्ष झालं, उगाच जागा अडवतोय, देऊन टाकू म्हणे. त्याने बाबांसाठी नवा आणला होता ना, विंडोज अठ्ठ्याण्णववाला! मोठा शहाणा.

बाबांना पक्षाघात झाल्यापासून त्यांची जीभ उचलत नव्हती आणि उजवा हात लुळा पडला होता. डाव्या हाताने पाटीवर काढलेली अक्षरं त्यांची त्यांनाच लागत नव्हती. नव्या कॉम्प्युटरवर हात ठेवायचे आणि लगेच काढून घ्यायचे. जुन्यावर मात्र मराठी अक्षरं त्यांनी स्वतः बसवली होती, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, रिटायर व्हायच्या आधी, एकेक बटण ठरवून. तिथे त्यांचं बोट न बघता जायचं. ते मशीन चालू झालं तर बाबा आमच्याशी बोलणार होते. एवढी साधी गोष्ट ह्या गाढवाला कळू नये?

कबाड्याला मी वाटेला लावलं आणि पेचकस घेऊन बसले. बोर्ड दुरुस्त करणं हेच माझं काम, इथल्याच एका कंपनीत. झाकण काढलं आणि पाहते तो काय, मदरबोर्डवर कुंकू! वाळून खपली धरलेलं, थरावर थर. त्याच्या ओलीने खालचे ट्रॅक, म्हणजे वीज इकडून तिकडे नेणाऱ्या तांब्याच्या रेघा, हिरव्या पडून तुटल्या होत्या.

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते. शस्त्रं कसली, विळी, पेन आणि स्कूटर. त्यात हा कॉम्प्युटर. अरे, लावायचं तर बाहेरून बोट लावा, यार! झाकण उघडून आत ओलं कुंकू? मशीन घरात आलं त्याच वर्षी माझं लग्न झालं, तेव्हापासून माझा दसरा सासरी, म्हणून मला पत्ता नाही. पण कुंकवाची कोयरी ह्या घरात कोणाच्या हातात असते, हे मला कोणी सांगायला नको होतं.

आई मेथी निवडत बसली होती. मी तिला तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या देवभोळेपणाने बाबांची वाचा गेली, इथपर्यंत बोलले. ती मान खाली घालून मेथी निवडत राहिली. तिच्या त्या गप्प बसण्याने माझा आणखीच भडका उडाला.

मग ब्लेडने खरवडलं, टूथब्रश आणि स्पिरिटने धुतलं. जिथे मीटर बीप करेना, म्हणजे वीज पुढे जात नव्हती, तिथे केसासारखी बारीक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोल्डर केली आणि वरून नेलपॉलिशचा हात दिला. तोंड चालूच होतं माझं. सुधन्वा चहा ठेवून गेला.

दुपार कलताना स्क्रीनवर अक्षरं उमटली. बाबांना खुर्चीसकट आणून समोर बसवलं. माझ्या मनात आलं, आता पाणी मागतील, नाहीतर कुठे दुखतंय ते सांगतील, किंवा माझं नाव लिहितील. त्यांचं डावं बोट बटणांवरून भराभर फिरलं, जणू मधलं वर्ष गेलंच नव्हतं.

'कुंकू मीच लावायचो. ती नको म्हणायची.'

पलीकडच्या खोलीत पडून त्यांनी सकाळपासून सगळं ऐकलं होतं. बाबांच्या डोळ्यांना धार लागली होती. आणि मी? मी परत आईवरच उखडले.

"मग बोलायला काय झालं होतं तुला?"

आई पदराने स्क्रीनवरची धूळ पुसत होती.

"ह्यांना उत्तर देता येत नव्हतं, स्वरूपा," ती म्हणाली. "मग ह्यांच्यावर कसं ढकलू?"