पौर्णिमेचं शिबिर

"काका, तुमीच बघा ना. चौदा एप्रिलचा अख्खा चौकोन लाल झालाय."

शुभदाने मोबाइल पुढे धरला. मारोती विहाराच्या पायरीवर बसून खुर्च्या पुसत होता. त्याने हात पँटला पुसले, चष्मा लावला आणि पडद्याकडे पाहिलं. जुईनगर आणि आसपासचे कार्यक्रम त्यात दिसत होते. लाल म्हणजे रक्तदान शिबिर.

हे कॅलेंडर शुभदानेच सुरू केलं होतं. दोन वर्षांपूर्वी एकाच मैदानावर एकाच संध्याकाळी हळद आणि शाळेचं स्नेहसंमेलन आलं. दोन्हीकडचे स्पीकर एकमेकांवर ओरडत राहिले आणि शेवटी प्रकरण हातघाईवर आलं. त्यानंतर तिने सगळ्यांना फोनवर बघता येईल असं एकच कॅलेंडर केलं. सोसायट्या, गणेश मंडळं, विहार, मशिदीची कमिटी, वाचनालय, सगळे आपापले कार्यक्रम त्यात टाकू लागले. भांडणं कमी झाली. घणसोली गावातल्या बायकांना डोळे तपासणीची गाडी कुठे येते ते कळू लागलं. वाचनालयात व्याख्यानाला पाच-सहा टाळकी असायची, तिथे आता बाहेरची माणसंही येऊन बसत.

"येवढी शिबिरं?" मारोती म्हणाला. "चांगलंच हाय की मंग."

"आता मे बघा."

तिने बोट फिरवलं. मे महिन्यात लग्नं होती, क्रिकेटचे सामने होते, एक आंबा महोत्सव होता. लाल काहीच नव्हतं.

"हे माझ्या नाय, यांच्या लक्षात आलं," शुभदाने शेजारच्या बाईंकडे हात केला. "अख्तरुन्निसा आंटी. सेक्टरमधे शिवणाचे क्लास घेतात."

अख्तरुन्निसा मूळची म्हसळ्याकडची. पन्नाशीची, डोक्यावरून ओढणी घेतलेली. ती इतका वेळ चपला काढून बाजूला उभी होती.

"भाऊ, रक्त महिनाभर टिकतं, फार तर थोडं जास्त," ती म्हणाली. "एप्रिलला एकदम येतं. मे मध्ये सगळे गावाला. तुमचं शिबिर मोठं आहे. ते जरा पुढे नेलंत तर..."

मारोतीचा चेहरा बदलला. "जयंतीचं शिबिर हलवायचं?"

पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून त्याने आयुष्य काढलं होतं. त्याचा धाकटा भाऊ अंकुश तिथल्याच एका कारखान्यात प्रेस मशीनमध्ये सापडला, तेव्हा अनोळखी माणसांनी रक्त देऊन त्याला वाचवलं. त्यानंतर मारोतीने हे शिबिर सुरू केलं. बाकी वर्षभर त्याला कुणी विचारत नसे. त्या एका दिवशी स्टेजवरून त्याचं नाव घेतलं जाई, गळ्यात हार पडे आणि परभणीकडचे पाहुणे ते बघायला मुद्दाम येत.

"मे मधी कोन येनार, बाई?" तो म्हणाला. "रिकामा मांडव बघून लोक हसतील. दुसऱ्या कुनाला तरी सांगा."

"बरोबर आहे तुमचं," अख्तरुन्निसा म्हणाली. ती चपला घालायला वळली आणि थांबली. "माझी मुलगी हादिया मागच्या मे मध्ये गेली. थॅलेसेमिया होता. लहानपणापासून दर तीन आठवड्यांनी रक्त लागायचं. त्या वेळी कुठेच नव्हतं. मिळालं, तवर उशीर झालेला. आता मला काय नको, भाऊ. पन तिच्याबरोबर रक्त घ्यायला यायची ती पोरं अजून आहेत."

त्या दोघी गेल्यावर त्याने पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसली.

जेवताना त्याने राहीबाईला, बायकोला, सगळं सांगितलं. तिने ताटात भाकरी वाढली.

"अंकुश भावजींला रगत लागलं तवा जयंती व्हती का?"

"नव्हती. भर उन्हाळा व्हता."

"मंग?"

राहीबाईने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला.

विहाराच्या कमिटीच्या बैठकीत मारोतीने विषय काढला तेव्हा आवाज चढले. बॅनर छापायला गेले होते. बाहेरच्यांच्या सांगण्यावरून आपण जयंतीचा कार्यक्रम का बदलायचा, असं एकाने विचारलं. आता काकाला म्हातारचळ लागला, असं दुसरा हळूच म्हणाला. ते मारोतीला ऐकू आलं.

"जयंती व्हनार. मिरवनूक व्हनार," तो म्हणाला. "शिबिर तेवढं बुद्धपौर्णिमेला. तो दिवस बी आपलाच हाय."

दोघे उठून गेले. बाकीचे बसून राहिले, आणि तोच होकार धरला गेला. शुभदाने त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये तारीख बदलली. ती बघून एका गणेश मंडळाने आपलं शिबिर एप्रिलच्या शेवटाला नेलं आणि एका सोसायटीने जूनला.

जयंतीला मारोती मिरवणुकीत चालला. स्टेजवर त्याचं नाव आलं नाही. शिबिरच नव्हतं, तर नाव कशाला येणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. पाहुण्यांना मात्र त्याने त्याचं कारण सांगितलं नाही.

पौर्णिमेला सकाळपासून ऊन भाजत होतं. मांडव जयंतीएवढाच घातला होता, त्यामुळे रिकाम्या खुर्च्या जास्तच दिसत होत्या. कमिटीतले बरेच जण गावी गेले होते. कुणी पुढारी आला नाही, फोटोवाला आला नाही. मारोती फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

माणसं येत होती, पण एकेक करून. घणसोली गावात खोली घेऊन राहणारे दोन पेंटर आले. रात्रपाळी संपवून एक नर्स आली. मशिदीच्या कमिटीतला एक तरुण तिघांना घेऊन आला. मारोती यांतल्या कुणालाच ओळखत नव्हता.

"कसं काय कळलं?" त्याने एका पेंटरला विचारलं.

"मोबाइलवर होतं ना. आज हितंच होतं फक्त."

दुपारी रक्तपेढीची गाडी भरू लागली, तेव्हा पेट्यांपैकी निम्म्या रिकाम्याच आत चढल्या. मारोतीने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"औंदा कमी झालं, मॅडम," तो तिथल्या तंत्रज्ञ बाईंना म्हणाला.

"काका, जयंतीच्या वेळी इतकं येतं की कधी कधी मुदत संपून टाकून द्यावं लागतं," त्या पेटीचं झाकण लावत म्हणाल्या. "सकाळी आमचा फ्रिज जवळजवळ रिकामा होता. यातलं उद्यापर्यंत काही उरायचं नाही."

मारोती गाडी वळेपर्यंत उभा राहिला. मग मांडवात आला.

आत अख्तरुन्निसा एकटीच होती. सगळ्यांच्या शेवटी तिने रक्त दिलं होतं. डाव्या कोपराच्या खोबणीत कापूस चिकटपट्टीने लावलेला होता. सांगितल्याप्रमाणे तिने बिस्किटं खाल्ली होती आणि आता ती खाटांवरच्या चादरी काढत होती.

"राहू द्या, ताई. तुमी बसा. मी करतो."

"बसून काय करू?"

तिने चादरीची दोन टोकं धरली. मारोतीने पलीकडची दोन धरली. चादर दोघांमध्ये ताणली गेली आणि त्यांनी ती एकदा झटकली. मग दोघं पुढे आले, टोकाला टोक जुळलं. मारोतीने आपली टोकं तिच्या हातात दिली आणि वाकून खालची कड उचलली. घडी झाली. ती बाकावर ठेवून दोघं पुढच्या खाटेकडे गेले.