यादीच्या शेवटची मोकळी ओळ

ऑगस्ट २००३. त्या गुरुवारी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीची वीज सकाळी दहा वाजता गेली. बॅटरी वीस मिनिटं टिकली. वीज परत आली तेव्हा आमचा सर्व्हर बंद पडलेला होता, आणि पुन्हा सुरू करायला गेले तर तो सुरू होईना.

चंदरशेठचा फोन प्रफुल्लने घेतला. प्रफुल्ल माझा भागीदार. अंबडच्या एका गाळ्यात आम्ही दोघं आसपासच्या कारखान्यांच्या वेबसाइट चालवत होतो, एकूण एकतीस. चंदरशेठ पंपाचे सुटे भाग बनवायचे.

फोनवर हात ठेवून प्रफुल्ल म्हणाला, "साधना, अकराला पुण्याची पार्टी त्यांची ड्रॉइंगं उघडून बघणार आहे. नाही उघडली तर ऑर्डर राजकोटला जाते म्हणतात."

"अकराच्या आत करते म्हणून सांग."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

खरं तर प्रत्येक साइटसाठी सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आठ-दहा ओळी हाताने लिहायच्या असतात. मी तसं केलं नव्हतं. त्या फाइलच्या पोटातच पर्ल भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. सर्व्हर सुरू होताना तो चालायचा, एका यादीतली नावं वाचायचा आणि प्रत्येक नावाची साइट उभी करायचा. नवं गिऱ्हाईक आलं की यादीत एक नाव वाढवायचं, बस. मला त्याचा फार अभिमान होता. त्या दिवशी कळलं की अशा आतल्या प्रोग्रॅममध्ये काही बिनसलं, तर सर्व्हर नेमकी जागा सांगत नाही. प्रोग्रॅम सुरू होतो त्या ओळीचा आकडा दाखवतो आणि गप्प बसतो.

दहा चाळीस झाले. मी यादी उघडली. आदल्या दिवशी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यात एक नाव टाकलं होतं. नावाखाली शेवटी एक ओळ मोकळी होती. प्रोग्रॅम त्या मोकळ्या ओळीची, म्हणजे बिननावाची साइट उभी करायला जात होता. मी ती ओळ खोडली. सर्व्हर लगेच सुरू झाला. दहा बावन्न.

"नाना," मी खुर्ची वळवून म्हटलं, "हे एकलहरे नाहीये. इथं एका ओळीने सगळं बंद पडतं."

नाना, भिकन जाधव, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून कंट्रोल रूम ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले होते. घरी करमत नाही म्हणून आमच्याकडे यायचे, यादी सांभाळायचे, आणि सवयीने एक रजिस्टर ठेवायचे. किती वाजता काय बदललं, कोणी बदललं. दर शनिवारी कॉन्फिगरेशन फाइलचा प्रिंट काढून फाइलला लावायचे.

"तिकडं बी पडायचं," नाना म्हणाले.

"मग मोकळी ओळ कशाला सोडता?"

"नोंद संपली की खाली एक ओळ सोडायची. मागच्या पाळीला काही विसरलेलं आठवलं, तर त्याला लिहायला जागा पाहिजे ना."

"कोण आठवणार आहे इथं? आता यादीला हात लावू नका तुम्ही."

"काका, रजिस्टरची शाई संपवा खुशाल," प्रफुल्ल हसत म्हणाला, "पण एंटर दाबू नका."

नानाही हसले. चष्मा लावून त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं.

दुपारी तीनच्या सुमाराला मी प्रोग्रॅम पुन्हा उघडला आणि एकेक ओळ वाचत गेले. मोकळी ओळ दिसली तर ती सोडून पुढे जा, असं सांगणारी एक ओळ त्यात असायला हवी होती. दोन वर्षांपूर्वी नानांच्या या सवयीसाठीच मी ती लिहिली होती. नऊ दिवसांपूर्वी, मंगळवारी, प्रोग्रॅम नीटनेटका करताना मीच ती काढून टाकली होती. चौदा ओळींच्या तेरा केल्या. तपासून पाहिलं नाही, सर्व्हर पुन्हा सुरूही केला नाही. चालू सर्व्हर सुरुवातीला वाचलेल्यावरच चालत राहतो, त्यामुळे साइट उघडत होत्या, आणि मी समाधानाने चहा प्यायला गेले होते. रजिस्टरात नोंद केली नाही. नानांना विचारलंही नाही.

नाना माझ्यापासून चार हातांवर बसले होते. प्रफुल्ल समोर होता. सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. मी स्क्रीनवरची खिडकी बंद करून दुसरं काम काढलं.

पाच वाजता ते लुनाची किल्ली घेऊन उभे राहिले. "येतेस का?"

नाशिक रोडच्या घरापर्यंत त्यांच्या मागे बसून जायचं म्हणजे तेवढा वेळ गप्प राहायचं, किंवा सांगायचं.

"तुम्ही व्हा पुढं. मी येते बसने."

"सावकाश ये."

मी मुद्दाम उशिरा गेले. ते जेवून झोपले होते. शुक्रवारी सकाळी ते ओट्यावर बसून बूट घालत होते. आईने आतून चहाला हाक मारली, ओ आली नाही. ती बाहेर आली तेव्हा एका पायात बूट होता.

नाना गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दोन दिवसांनी मी गाळ्यात गेले. नानांची खुर्ची भिंतीशी सरकवलेली होती. प्रफुल्लने पाणी दिलं. मग एक कागद पुढे केला.

"आत्ता नको होतं हे, पण चंदरशेठ रोज विचारतायत. त्या दिवशी काय झालं ते लेखी पाहिजे त्यांना. दुपारी माणूस येणार आहे न्यायला. तुझी सही लागेल."

पत्रात लिहिलं होतं की आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या अनवधानाने सेवा खंडित झाली; यापुढे तसं होणार नाही.

"काकांचं नाव नाही टाकलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आणि हे मी मनाने नाही लिहिलं. त्यांनीच लिहून ठेवलंय."

त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. नानांचं सरळ, टाकाने लिहिल्यासारखं अक्षर. 'दि. २१. १०.२० सर्व्हर बंद. १०.५२ चालू. कारण: यादीतील मोकळी ओळ. जबाबदार: भि. ना. जाधव.' त्याखाली सही. सहीखाली एक ओळ मोकळी.

मी प्रिंटची फाइल खाली घेतली. सोळा तारखेचा, म्हणजे मी ओळ काढल्यानंतरच्या शनिवारचा कागद वरच होता. बाराव्या आणि तेराव्या ओळीच्या मध्ये पेन्सिलीची बारीक खूण होती, आणि समासात लिहिलं होतं: 'येथे एक ओळ होती. साधना सांगेल.'

त्या गुरुवारच्या पाच दिवस आधी त्यांनी ते पाहिलं होतं. मी ओरडत होते तेव्हा त्यांना ठाऊक होतं. येतेस का, असं विचारलं तेव्हाही.

"काय झालं?" प्रफुल्लने विचारलं.

मी प्रोग्रॅम उघडला. काढलेली ओळ जागेवर लिहिली. मग यादी उघडून शेवटच्या नावाखाली एंटर दाबलं.

"साधना, काय करतेस? एकतीस साइट चालू आहेत. चाललंय त्याला कशाला हात लावतेस?"

"तपासून घेते आधी."

तपासणीचा हुकूम दिला. सर्व ठीक, असं उत्तर आलं. त्या मंगळवारीच चूक पकडायला एवढंच लागलं असतं. मग सर्व्हर बंद करून सुरू केला. प्रफुल्ल माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याने चंदरशेठची साइट उघडली. पान पांढरं राहिलं. मग पंपाचं चित्र वरून खाली हळूहळू उतरत आलं.

"मोकळी ओळ आहे यादीत?" त्याने विचारलं.

"आहे."

तो खुर्चीत बसला. पत्र त्याने स्वतःच उचललं आणि दुमडून खिशात ठेवलं.

कंट्रोल रूममध्ये पाळी बदलताना जाणारा माणूस आपली नोंद येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. नुसतं लिहिलेलं धरायचे नाहीत. नोंद चुकली असेल तर खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची. नानांच्या सहीखालच्या ओळीत मी बारीक अक्षरात लिहिलं. जागा पुरली. मग उभी राहिले आणि वाचलं.

"दुरुस्ती. दिनांक बारा रोजी प्रोग्रॅममधील एक ओळ काढली, तपासली नाही, नोंद केली नाही. त्यामुळे सर्व्हर बंद. यादी बरोबर होती. जबाबदार: साधना भिकन जाधव."

प्रफुल्लने मान खाली घातली. मी भिंतीशी सरकवलेल्या खुर्चीकडे वळले.

"नाना, ओळ मी काढली होती. त्याच दुपारी मला आठवलं होतं. तुम्ही इथेच बसला होतात आणि मी बोलले नाही."