उन्हं येईपर्यंतचा ललत

मांडवीच्या काशीराम तांडेलाने फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, घेतला तेव्हा रत्नागिरीत फोनो नवीन नव्हता. पण तो बहुतेक वकिलांच्या दिवाणखान्यांत असे, आणि तिथे फोनो ऐकायचा म्हणजे आधी वकिलांना ऐकावं लागे. काशीरामाकडे ती अडचण नव्हती. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि तिच्यावरचे उतारू आपल्या पडावातून किनाऱ्याला आणणं हा त्याचा धंदा. आयुष्यभर समुद्रावर ओरडून झाल्यामुळे जमिनीवर बोलण्याची त्याला हौस उरली नव्हती. पडवीसमोर समुद्र, वर माडांच्या झावळ्या आणि यजमान मुका. गाणं ऐकायला याहून चांगली जागा मला अजून सापडलेली नाही.

दर रविवारी तिथे आमचं मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे काशीराम, मी आणि आप्पा. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, त्यामुळे संगीतावर मत देण्याचा अधिकार मला आपोआपच आला होता. आप्पा कोर्टात नाझर होते. जन्मभर लोकांच्या घरांवर जप्त्या नेल्यामुळे कुठलीही वस्तू बघताक्षणी तिची किंमत ठरवायची त्यांना सवय होती. पेन्शनीत गेल्यावर ते तीच सवय गवयांवर चालवत. येताना ते स्वतःचा पाण्याचा तांब्या आणत. गाण्याला विटाळ नाही, पाण्याला आहे, असं त्यांचं शास्त्र. काशीरामाच्या बायकोने, आवडाबाईने, त्या तांब्यासाठी वेगळा कोनाडा नेमून दिला होता. तो कोंबड्यांच्या खुराड्याला लागून होता. त्याबद्दल शास्त्रात काही नसावं.

फोनोच्या प्लेटी आणायचा सदू. हा काशीरामाचा पुतण्या, परळला गिरणीत होता. त्या वर्षी मार्गशीर्षात तो आला तो तीन प्लेटी घेऊन. वर एक नामांकित बुवा, खाली दुसरे नामांकित बुवा, आणि प्रवासात त्यांना एकमेकांचा धक्का लागू नये म्हणून मध्ये दुकानदाराने फुकट घातलेली तिसरी प्लेट. तिच्यावर लिहिलं होतं: मिस सगुणा, ललत.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, जी आम्हाला तेव्हा माहीत नव्हती. खाऱ्या हवेने फोनो कुरकुरू लागला होता. घरात जे जे कुरकुरतं त्याला आवडाबाई खोबरेल घाली: दाराच्या बिजागरीला, पाळण्याच्या कडीला, काशीरामाच्या गुडघ्याला. तेच तिने फोनोच्या पोटात घातलं. खोबरेल थंडीत थिजतं. त्यामुळे हिवाळ्याच्या पहाटे फोनोची चक्रं अशी फिरत की जणू त्यांनाही अंथरुणातून ओढून काढलं आहे. आणि पडवीत उन्हं आली, तेल वितळलं, की ती पूर्ववत पळू लागत.

पहिल्यांदा ती प्लेट लावली तेव्हा समुद्र अजून राखाडी होता. किनाऱ्यावर धुकं होतं आणि त्यात पडाव नुसते टांगल्यासारखे दिसत होते. आवाज कर्ण्यातून आला असं वाटलंच नाही. खाडीवरून धुकं सरकत यावं तसा तो आला, खोल आणि ओलसर. एका सुरावर तो इतका वेळ थांबे की आता इथेच राहणार असं वाटे. मग, कोणी न हलवता होडी धक्क्यापासून सुटावी तसा पुढच्या सुराकडे निघे. मधल्या वाटेवर आम्ही काय काय पाहिलं ते प्रत्येकाचं वेगळं. मला माझ्या आजोळची विहीर दिसली, दुपारची, तळाशी आभाळ असलेली. आप्पांनी काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांनी किंमत सांगितली नाही हेच खूप होतं.

मग मतं सुरू झाली. आप्पा म्हणाले की हा बुवाच आहे, दुकानदाराने कागद चुकीचा डकवला. मी म्हणालो बाईच आहे, पण पोक्त. काशीराम म्हणाला, कोणी का असेना, झोपेत गातंय, उठवू नका. वाद मिटवायला प्लेट पुन्हा लावली, तोवर पायरीवर ऊन आलं होतं, आणि त्याच प्लेटमधून एक बारीक आवाजाची बाई कोणीतरी मागे लागल्यासारखी धावत गेली.

सुशिक्षित माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. मी उपपत्ती लावली: ललत हा पहाटेचा राग, आणि ही गायिका रागाची वेळ इतकी पाळते की वेळ टळली म्हणजे ती स्वतःच काढता पाय घेते. प्लेट तीच असताना गायिकेला वेळ कशी कळते, हे आप्पांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "याला म्हणतात तालीम." त्याच थंडीत दोन्ही नामांकित बुवा पोट बिघडल्यासारखे कण्हत. ते दुपारी बरे वाटत. आप्पांचं मत पडलं की नाव मोठं झालं की पहाटे उठणं सुटतं, त्याचा हा परिणाम.

पौष सगळा आम्ही त्या ललतासाठी काळोखात उठलो. बायको विचारी, एवढ्या पहाटे कुठे? मी म्हणे, मांडवीला, एका बाईचं गाणं ऐकायला. इतकं खरं उत्तर दिल्यावर संसारात काय होतं ते इथे सांगत नाही.

सदू मुंबईला परतला तो गिरगावात शोध घेत थेट सगुणाबाईंच्या दारात उभा राहिला आणि त्यांना म्हणाला की आमच्या रत्नांग्रीत तुमच्या प्लेटीसाठी माणसं पहाटे उठतात. त्यांनी दार लावून घेतलं.

त्याला कारण होतं, ते आम्हाला माघात कळलं. एका शनिवारी संध्याकाळी सगुणाबाई काशीरामाच्या पडावातून उतरल्या. चाळिशीकडे झुकलेल्या, अंगावर नऊवारी, बरोबर एक ट्रंक. आमची नजर तंबोरा शोधत होती. तो त्या मुंबईला एका मुलीला देऊन आल्या होत्या. रात्री जेवताना त्यांनी आवडाबाईला सगळं सांगितलं आणि आवडाबाईने ते आम्हाला. प्लेट भरताना कंपनीचा माणूस समोर उभा होता. सुरावर जरा थांबलं की तो बोट गरगर फिरवी, आटपा म्हणून. तीन मिनिटांत अख्खा ललत कोंबून त्या बाहेर आल्या. प्लेट खपली नाही. गिरगावात लोक म्हणाले, बाईच्या मागे कुत्रं लागलंय. कंपनीने दुसरी प्लेट काढायला नकार दिला, आणि त्यांनाही तो बरोबर वाटला. आता गाणं सोडून त्या मालवणला बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. सदूचं बोलणं थट्टा असेल असंच त्यांना वाटलं होतं. पण खरंच कोणी त्या प्लेटसाठी उठत असेल, तर त्या माणसांची तोंडं एकदा बघावीत म्हणून त्या वाटेत उतरल्या. सकाळची बोट त्यांना पुढे नेणार होती.

रविवारी पहाटे आम्ही नेहमीपेक्षा लवकर जमलो. आप्पांनी उपरणं घेतलं होतं. बाई खांबाला टेकून बसल्या. काशीरामाने चावी दिली आणि धुक्यात तो आवाज सुरू झाला.

बाईंच्या कपाळावर आठी आली. मग ती गेली आणि चेहऱ्यावर काहीच उरलं नाही. प्लेट संपली तेव्हा त्या म्हणाल्या, "ही मी नव्हे."

आप्पांनी नम्रपणे निदर्शनास आणलं की कागदावर नाव त्यांचंच आहे. बाई उठून फोनोपाशी गेल्या, त्याच्या पोटात बोट घालून वास घेतला आणि आवडाबाईकडे वळल्या.

"याला काय घातलंत?"

"खोबरेल," आवडाबाई म्हणाली. "मग काय घालतात?"

माझी उपपत्ती त्या पडवीत जी खाली बसली ती अजून उठलेली नाही. तालमीची गोष्ट काढणारे आप्पा खुराड्याकडे बघत होते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या परत खांबाशी जाऊन बसल्या, आणि त्यांच्या बसण्यात आता निघायच्या बेतात असलेल्या पाहुण्याची घाई होती.

"म्हणजे तुम्ही पहाटे उठलात ते तेलासाठी," त्या म्हणाल्या.

याला उत्तर देणं माझं काम होतं. मी बी. ए. होतो. पण खाकरले आप्पा, आणि लिलावात शेवटची बोली पुकारावी तशा कोरड्या आवाजात म्हणाले,

"बाई, तेल दोन्ही बुवांना हेच होतं. ते त्यात बुडाले."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काशीरामाने कोणाला न विचारता बुवांची प्लेट लावली. बुवा कण्हले. पहिल्याच तानेत त्यांचे सूर एकमेकांपासून सुटून चिखलात रुतल्यासारखे झाले, आणि काशीरामाने त्यांचे हाल थांबवले. मग पुन्हा ललत लावला. तोच गारठा, तेच तेल. पण इथे सूर कितीही ताणला तरी त्याच्या आतून दुसरा निघत होता, सावकाश, आपल्या पायांनी.

या वेळी बाईंनी डोळे मिटले होते. "आई ललत असाच म्हणायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, म्हातारीचा दम संपलाय. परत लावा."

परत लावला तेव्हा त्या बरोबर गुणगुणू लागल्या. आधी इतक्या खाली की तो फोनोचाच घरघराट वाटावा. आवाज प्लेटच्या आवाजाला शिवत होता, सोडत होता, वाट विचारत होता. धुकं विरळ झालं. एक पडाव दिसू लागला, मग त्यातला काशीरामाचा खलाशी जानू, मग त्याच्या पायाशी ठेवलेली बाईंची ट्रंक. माणसं कुठे संपतात आणि पाणी कुठे सुरू होतं हे त्या प्रकाशात सांगता येत नव्हतं, आणि मला ते सांगायचंही नव्हतं.

उन्हं पायरीवर आली. मग फोनोवर. आत चक्रं सैल झाली आणि प्लेटमधली बाई चालता चालता धावू लागली. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी ते ऐकलं होतं. भुवई किंचित हलली. सवयीने त्याही धावतील, असं मला वाटलं. त्या धावल्या नाहीत. त्यांनी प्लेटला पुढे जाऊ दिलं. ती बारीक, घाबरीघुबरी बाई आपला ललत आटपून निघून गेली, सुई मधल्या कागदाच्या कडेला खरखरत राहिली, काशीरामाने ती उचलली, आणि बाई अजून त्याच सुरावर होत्या. आता आवाज उघडा होता. तंबोरा नव्हता, खाली समुद्र सूर धरून होता.

लांबून बोटीचा भोंगा झाला.

कोणी हललं नाही. भोंगा दुसऱ्यांदा झाला, तेव्हा जानू पाण्यातून पायरीशी आला आणि खुणेनेच विचारू लागला, काय करायचं? काशीरामाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी सूर सोडला नाही. मांडीवरचा हात तेवढा उचलला आणि पंजा उघडा धरला, रडणाऱ्या पोराला थांब म्हणावं तसा.

"ट्रंक उतरव," काशीराम हळूच म्हणाला. "मुंबयला परत जानारी बोट उद्या हाय."

जानूने ट्रंक डोक्यावर घेतली. आवडाबाई उठली, आवाज न करता आत गेली आणि तांदळाच्या मडक्यात तिने आणखी एकदा हात घातला. बाई एव्हाना पुढच्या सुराकडे निघाल्या होत्या. तिथे पोचायला त्यांना अजून बराच वेळ होता.