सातवं तळघर

सातवं तळघर मी बांधलंय. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली कुणीही उठतो आणि ‘तळघर’ या खेळाचा इतिहास मलाच ऐकवतो.

इतिहास तो केवढा? गाद्यांच्या दुकानावरची भाड्याची खोली, दोन कॉम्प्युटर, दादा आणि मी. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. खेळाचा सगळा प्रोग्रॅम त्याचा. जिने, दारं, भिंती, कुठून काय अंगावर यायचं, हे माझं. खेळात तुम्ही लिफ्टचे मेकॅनिक. लिफ्ट तुटते, तळघरात आदळते, आणि तळघराखाली आणखी तळघरं निघत जातात. हातात खिळे मारायची बंदूक. पडद्यावर फक्त ती बंदूक आणि समोरचा अंधार, कारण मेकॅनिकचे डोळे तेच तुमचे डोळे. राक्षस मी मातीचे केले आणि दादाच्या ताटलीत ठेवून, फिरवत फिरवत त्यांचे फोटो काढले. मडक्यासारख्या डोक्याचा तो मडक्या, आगीचे गोळे फेकणारी ती भट्टी. दादा त्या ताटलीत पुन्हा कधी जेवला नाही.

राक्षसांना त्यानं एकच नियम शिकवला होता: ज्यानं मारलं, त्याच्यावर धावून जा. मारणार कोण, तर खेळणाराच, असं त्यानं धरून चाललं. एका दुपारी भट्टीचा नेम चुकला आणि गोळा बसला मडक्याच्या पाठीत. मडक्या मला सोडून गर्रकन वळला आणि भट्टीवर तुटून पडला. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. दादा मात्र पांढराफटक. ‘हे तपासायचं विसरलोच,’ म्हणाला. ‘उद्या नीट करतो.’ तो उद्या काही उजाडला नाही. मी त्या चुकीवर अख्खं सातवं तळघर उभं करून टाकलं आणि खेळ द्यायची तारीख येऊन ठेपली.

पुढे लोकांनी ती भांडणंच उचलून धरली. राक्षस आपसात लढतात, काय अफलातून कल्पना, म्हणून दादाला व्यासपीठावर बसवलं, शाली नाही पण पदकं दिली. तो हसायचा, पदक घ्यायचा, घरी येऊन कपाटात टाकायचा. मला वाटायचं, किती हा विनय.

आता एका नव्या कंपनीनं तोच खेळ नव्यानं करायला घेतलाय. दादा तिथे सल्लागार. मला बोलावणं आलं ते मागच्या आठवड्यात, आणि तेही वाईट बातमी द्यायला. तिथल्या प्रमुख बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलायला गोड.

“ताई, सातवं तळघर आम्ही काढतोय,” त्या म्हणाल्या. “आमच्या एकाही खेळाडूला ते पार करता आलं नाही. तुम्ही खिळेच फार कमी ठेवलेत.”

“मुद्दाम कमी ठेवलेत,” मी म्हटलं. “तिथे खिळे मारायचे नसतात, डोकं चालवायचं असतं. सरका.”

दादा कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता. मी बसले, बोटं मोडली आणि सुरुवात केली. माझं तळघर मला पाठ आहे. लांबलचक दालन, पलीकडच्या टोकाला भट्टी, मधे मडक्यांची झुंड. एक खिळा मारून सगळ्यांना जागं करायचं आणि दिव्याच्या उजेडाबाहेर जाऊन उभं राहायचं. पुढचं भट्टी बघून घेते.

भट्टीनं काही बघितलं नाही. मडक्यांनी माझा फडशा पाडला. पुन्हा खेळले, पुन्हा तेच. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. अशा वेळी पाणी पुढे करणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो.

तिसऱ्यांदा मी खेळलेच नाही, नुसती बघत राहिले. भट्टीचा गोळा मडक्याच्या पाठीतून धुरासारखा आरपार गेला. त्याला कळलंसुद्धा नाही. मी मागे वळले. दादा चष्मा पुसत होता. काही लपवायचं असलं की तो लहानपणापासून काहीतरी पुसत बसतो.

“दादा, तू नीट केलंस ते.”

“पहिल्याच दिवशी,” तो म्हणाला. “सगळ्यात आधी तेच केलं. कुणाला सांगितलं नाही.”

“आणि माझं तळघर?”

“तुझ्या तळघराचं वाईट वाटतं गं. पण माझंही ऐक. इतकी वर्षं मी जे विसरलो त्याला लोक टाळ्या वाजवतायत. तो अंधार मी केला. तसल्या मरतुकड्या कॉम्प्युटरवर, दिव्यापासून लांब जावं तसा हळूहळू दाटत जाणारा अंधार. वर्ष घातलं त्यात. एका माणसानं कधी त्याबद्दल विचारलं? मी खपून केलेलं सगळं बाजूला राहिलं, नावाला ही चूक तेवढी चिकटली.”

मला वाईट वाटलं, खूपच वाटलं. पदकं कपाटात का जायची ते आत्ता कळत होतं. पण राग त्याहून मोठा होता, आणि तो माझ्या तोंडून आधी बाहेर पडला.

“तू सातवं तळघर खेळलायस कधी?”

त्यानं चष्मा पुन्हा पुसायला घेतला. उत्तर त्याला आणि मला ठाऊक होतं, त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच नव्हतं. दादाला स्वतःचा खेळ लागतो, बस लागावी तसा. दुसऱ्या तळघराच्या जिन्यावरच त्याला गरगरायला लागतं. शेवटपर्यंत तो कधी गेलाच नाही.

“चूक परत घाल,” मी म्हटलं. “तासाभरापुरती. आणि इथे येऊन बस. खेळणार तू.”

“मला उलटी होईल.”

“बाई पाणी देतील.”

बाई हसल्या नाहीत, शहाण्या आहेत. दादानं कुरकुरत एक ओळ परत लिहिली आणि माझ्या खुर्चीत बसला. एका हातानं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. मी मागे उभी राहून सांगत गेले: एकच खिळा मार, मागे ये, अजून मागे, दिव्याच्या बाहेर.

तो अंधारात शिरला. समोरची मडक्यांची झुंड त्याला शोधत उजेडातून पुढे सरकली, भट्टीनं गोळा फेकला, आणि मधल्याच एकाच्या पाठीत तो बसला. तो मडक्या वळला आणि भट्टीवर धावला. मग दुसरा, मग तिसरा. लांब, उजेडात, एकच हाणामारी. आणि दादाभोवती त्यानं स्वतः केलेला काळोख, कुणाला न दिसता उभं राहता येईल असा.

“मी तुझ्या अंधारासाठीच बांधलं रे हे,” मी म्हटलं. “भांडणं तेवढी तिथे लोकांना गुंतवून ठेवायला. एरवी कोण इतका वेळ अंधारात उभं राहिलं असतं?”

दादाचा चेहरा हिरवट पडला होता, कपाळावर घाम होता. तिकडची मारामारी संपली, दार मोकळं झालं. मी म्हटलं, आता पळ. तो हलला नाही.

“थांब जरा,” म्हणाला. “बघू दे.”

तो बघत राहिला. मग टेबलाची कड सोडली, तोंडावर रुमाल धरला आणि बाईंकडे वळला.

“सातवं तळघर ठेवा,” तो म्हणाला. “आणि ती चूक आहे, माझी. तीही ठेवा.”

एवढं बोलून तो बेसिनकडे धावला. पाणी घेऊन त्याच्यामागे मी गेले.